शेतावरचे पॉवर वॅगन

अमेरिकेतल्या शेतांवर आजही जुने डॉज पॉवर वॅगन सापडतात, ते मालकांनी आळसाने टाकून दिले म्हणून, असा समज आहे. तो मला पटत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी गाडीवरून बेतलेला हा फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक १९४६ मध्ये नागरी बाजारात आला. त्याच्या इंजिनाची ताकद चाकांपुरती नव्हती. पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद इतर यंत्रांना पुरवणारा जोड, लावला की पुढच्या विंचने झाडांचे बुंधे ओढता येत, मागच्या पुलीवर पट्टा चढवून करवत चालवता येई. रस्त्यावर धावणं थांबलं तरी शेताला त्याची गरज उरलीच. कोणी म्हणेल, कोरड्या हवेमुळे आणि मुबलक जागेमुळे ते टिकले. हवा पत्रा वाचवते हे खरं. पण भंगारवाल्याला परत पाठवतो तो शेतकरीच.

म्हणून असा ट्रक विकत घेणाऱ्याने त्याला कारखान्यातून निघाल्यासारखा करण्याची घाई करू नये. ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग नवं हवंच, तिथे जिवाशी गाठ आहे. मात्र हौद्यावरचं ओबडधोबड वेल्डिंग आणि विंचच्या तारेने घासलेला बंपर तसाच ठेवावा. मूळ रंग हाच खरा इतिहास, असं मानणारे कारखान्यातला एक दिवस जपतात आणि शेतावरची कित्येक वर्षं पुसून टाकतात.