क्रुसापुढची लादीन

अंधेरी-मरोळकडच्या जुन्या गावठाणांत मे महिन्यात संध्याकाळी क्रुसापुढे रोझरी होते आणि मागोमाग लादीन. मरियेचे एकेक बिरुद आगेवान गातो, जमाव दर वेळी तेच लहानसे उत्तर देतो. ही लॉरेटोची लितनी. पोप सिक्स्टस पाचवे यांनी 1587 साली तिला मान्यता दिली. तेव्हा हा सगळा भाग, म्हणजे साष्टी बेट, पोर्तुगीजांकडे होता. मरोळचे सेंट जॉनचे देऊळ 1579 चे, बोरिवलीत मंडपेश्वराच्या लेण्यांपाशी फ्रान्सिस्कनांचा मठ. म्हणून लादीन हे पोर्तुगीज चर्चचे उरलेसुरले गाणे समजले जाते. उगम तिथलाच, यात वाद नाही. पण नुसत्या उगमाने गाणे टिकत नसते. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली, युरोपीय पाद्री गेले, मागे मुख्यतः गोव्याचे थोडे पाद्री राहिले. मिस्सा पाद्र्यावाचून होत नाही, लादीन होते. चांगल्या गळ्याचा एक आगेवान पुरतो, आणि लोकांचा वाटा इतका आखूड की लॅटिन न येणाऱ्यालाही तो दोन-चार आवर्तनांत पाठ होतो. माझ्या मते तिच्या टिकण्याचे मर्म या बांधणीत आहे.

यावर कोणी म्हणेल, या क्रुसांपैकी पुष्कळ 1896 नंतरच्या प्लेगातले. मग ही प्रथा जुनी कशी? प्लेगाने क्रूस उभारायला लावले हे खरे, पण तिथे काय गायचे ते प्लेगाने शिकवलेले नाही. रोगराईत लितनी गात रस्त्यावर उतरणे तर फारच जुने: 590 साली रोममध्ये पोप ग्रेगरींनी प्लेगातच तशा मिरवणुका काढल्या होत्या. लॉरेटोच्या लितनीतही आजाऱ्यांना आरोग्य देणारी म्हणून मरियेला हाक आहे. संकट आले तेव्हा गाणे हाताशी तयार होते, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लादीन दोन सुरांत, व्हायोलिनच्या साथीने गाण्याची रीत गोव्याची. तिथल्या चर्चच्या शाळांत मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलिपी शिकवत. मग मुंबईत नोकरीला आलेल्या गोवेकरांनीच ती इथे आणली नसेल कशावरून? त्यांच्या कुडांतून, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांतून, रोजची संध्याकाळची रोझरी चाले, तेव्हा सुरावटीवर त्यांचा हात फिरला असणार, हे मी मान्य करतो. मात्र साष्टीचे ख्रिस्ती, जे 1887 पासून स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात, त्याच मिशनऱ्यांच्या हाताखाली गोव्यासारखेच घडले होते. गोवेकराचा दुसरा सूर इथे सहज मिसळावा एवढी ओळख आधीपासून होती. शिवाय तो सूर बहुधा पहिल्याच्या तिसऱ्या स्वरावरून समांतर चालतो. कागद न वाचताही कानाने धरता येतो. ऑर्गनवाचून अडणारी चार आवाजांची मिस्सा असती, तर ती क्रुसापर्यंत पोचलीच नसती. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1965 पासून, लॅटिन मागे पडून मराठी-इंग्रजी आली. त्या बदलालाही ही बांधणी आड आली नाही, कारण उत्तर कुठल्याही भाषेत आखूडच राहते.