गाडी धुणे, घरगुती (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

घराच्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या आवारात, गाडी उभी करण्याच्या जागीच ती पाणी, शाम्पू आणि फडक्याने स्वच्छ करण्याचे काम. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत चार भिंतींचे स्वतःचे गॅरेज असलेली घरे थोडी. ठाण्याच्या नौपाड्यातले उरलेसुरले बंगले, डोंबिवली एमआयडीसीच्या निवासी विभागातील बंगले आणि अलीकडचे रो-हाऊस सोडले, तर बहुतेक गाड्या इमारतीखालच्या स्टिल्टमध्ये, पोडियमवर किंवा तळघरात उभ्या असतात. त्यामुळे गाडी एकाची असली तरी पाणी, फरशी, उतार आणि गटार सगळ्या सोसायटीचे असते. या कामाच्या पद्धती आणि त्यावरून होणारे वाद या एका गोष्टीतून निघतात.

जागा व कायदा : स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2010 रोजी नाहलचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या दहिसरच्या खटल्यात स्पष्ट केले. महाराष्ट्राच्या 1963 च्या सदनिका मालकी कायद्याखाली बिल्डरला ती जागा वेगळी विकता येत नाही, ती इमारतीच्या सामाईक जागेत मोडते, असा हा निकाल आहे. 2016 च्या स्थावर संपदा (रेरा) कायद्याने गॅरेजची व्याख्याच करून टाकली : छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली, वाहन ठेवण्याची जागा. स्टिल्टला छप्पर असते, भिंती नसतात. साहजिकच तिथे नळ कुठे असावा, पाणी किती वापरावे आणि कोणत्या वेळी गाडी धुवावी, हे ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेकडे जातो. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तेथे पार्किंग चिठ्ठ्या टाकून दिले जाते. आज आपण धुतो ती फरशी पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या वाट्याला येऊ शकते.

पाणी : ठाणे महापालिका स्वतःच्या योजनेबरोबरच स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडूनही पाणी घेते. कल्याण-डोंबिवलीला मुख्यतः उल्हास नदीचे पाणी मिळते. ते मोहिली, बारावे, नेतिवली येथील केंद्रांत शुद्ध होते. 2015 मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत पुन्हा आलेल्या 27 गावांची भिस्त एमआयडीसीवर राहिली, आणि एमआयडीसीचे पाणी बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे. पाऊस लांबला की ही सगळी साखळी एकदम आखडते. 2016 च्या उन्हाळ्यात दोन्ही शहरांनी कडक पाणीकपात सोसली. टँकरवर भागवणाऱ्या सोसायट्यांमध्ये कोणी नळी लावून गाडी धुताना दिसला की भांडणाला वेगळे निमित्त लागत नाही.

भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी केंद्र सरकारच्या मानकात माणशी रोज 135 लिटर पाणी धरले आहे. गच्चीवरच्या टाकीतून आलेल्या नळाला अर्ध्या इंची नळी जोडली तर मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी जाते. नळी दहा मिनिटे चालू राहिली, की एका माणसाचे दिवसभराचे पाणी गाडीवर गेले. तेच काम दोन बादल्यांत, म्हणजे तीस-चाळीस लिटरमध्ये नीट होते. घरगुती प्रेशर वॉशर मिनिटाला सहा-सात लिटरच घेतो. पण त्याचे तुषार शेजारच्या गाड्यांवर उडतात आणि ओल्या फरशीवर विजेची वायर येते. म्हणून तो तीस मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीजगळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचमागे) असलेल्या सॉकेटवरच लावावा.

बोअरवेलचे पाणी बिनहिशेबी वाटते, पण ते बहुधा जड असते. काचेवर आणि काळ्या रंगावर वाळले की पांढरे ठिपके उरतात. मोठ्या संकुलांतील सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून निघणारे पाणी फ्लशला आणि बागेला जाते. ते नीट गाळलेले आणि निर्जंतुक केलेले असेल, तर गाडीची चाके आणि खालचा भाग धुण्याच्या कामी येते.

धूळ व डाग : घोडबंदर रस्त्यावर आणि कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोची व रुंदीकरणाची कामे वर्षानुवर्षे चालली. त्या रस्त्यांनी ये-जा करणाऱ्या गाडीवर सिमेंट मिसळलेली बारीक धूळ बसते. डोंबिवलीत कारखान्यांच्या धुरातले कण त्यात भर घालतात. ही धूळ कोरड्या फडक्याने पुसली तर रंगावरच्या पारदर्शक थरावर गोल बारीक रेघा उठतात. उन्हात गाडी तिरक्या नजरेने पाहिली की त्या दिसतात. पर्जन्यवृक्षाखाली उभ्या गाडीवर चिकट रस गळतो, सोनमोहोराखाली पाकळ्या वायपरच्या खाचेत कुजतात, आणि कबुतरांची विष्ठा दोन-तीन दिवस राहिली तर रंग खाते.

स्टिल्टमधला खास डाग मात्र वरून येतो. स्लॅबमधून झिरपणारे पाणी सिमेंटमधला चुना विरघळवून आणते आणि टपावर थेंब-थेंब पडून वाळते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो, आणि तो साबणाने निघत नाही. नखाने किंवा पात्याने खरवडला तर रंगही निघतो. निम्मे पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेले कापड तीन-चार मिनिटे डागावर ठेवावे, मग भरपूर पाण्याने धुवावे. डाग जुना असेल तर त्याखालचा पारदर्शक थर खाल्लेलाच सापडतो. मग पॉलिशवाचून इलाज नाही. स्लॅबची गळती बंद केल्याशिवाय हा डाग पुन्हा येणारच.

पद्धत : गाडी थंड असावी, उन्हात नसावी. आधी फक्त पाणी ओतून धूळ भिजवून खाली सोडावी. हात नंतर लावावा. एका बादलीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी. फडके शाम्पूत बुडवून टपापासून खाली यावे, आणि पुन्हा शाम्पूत घालण्याआधी साध्या पाण्यात पिळावे. असे केल्याने धुळीचे कण शाम्पूच्या बादलीत जात नाहीत. भांड्यांची पावडर आणि कपड्यांचा साबण वापरू नये; त्याने मेणाचा थर जातो आणि रबर कोरडे पडते. चाके शेवटी, वेगळ्या फडक्याने धुवावीत, कारण ब्रेकची लोखंडी भुकटी तिथे असते. पाणी वाळण्याआधी मायक्रोफायबरने टिपावे. बॉनेट उघडून इंजिनावर नळी सोडू नये, आणि विजेच्या गाडीच्या चार्जिंगच्या झाकणावर जोराचा फवारा मारू नये. धुतल्यावर गाडी थोडी चालवून ब्रेक दाबावेत, म्हणजे डिस्क कोरड्या होतात. पावसाळ्यात पायपुसण्या ओल्या राहिल्या तर आतल्या गालिच्याला बुरशीचा वास धरतो. बंद गॅरेजमध्ये गाडी वाळवण्यासाठी इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गाडी पुसणारे : बहुतेक सोसायट्यांत हे काम पहाटे येणारा गाडी पुसणारा करतो, काही ठिकाणी रात्रपाळीचा वॉचमनच पाळी संपण्याआधी ते उरकतो. रोज बाहेरून पुसायचे, आठवड्यातून एकदा आतून, असे ठरलेले असते आणि पैसे महिन्याला मिळतात. काच पुसून झाली की वायपर उभे ठेवण्याची पद्धत आहे. खाली उतरलेल्या मालकाला गाडी पुसली गेल्याची ती खूण. साऱ्या गाड्या ऑफिसच्या वेळेआधी संपवायच्या असल्यामुळे एकाच बादलीत पाच-सहा गाड्या होतात, आणि पहिल्या गाडीची माती सहाव्या गाडीच्या रंगावर घासली जाते. मालकाने दोन फडकी स्वतःची दिली आणि दर दोन-तीन गाड्यांनंतर पाणी बदलू दिले, तर ही तक्रार बरीच कमी होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला गाडी धुऊन हवी असते. झेंडूची माळ चढण्याआधीचा तो या मंडळींचा सर्वांत दगदगीचा दिवस.

सांडपाणी : पार्किंगमधल्या जाळ्या बहुधा पावसाळी नाल्याला जोडलेल्या असतात, मलवाहिनीला नव्हे. त्यामुळे शाम्पूचा फेस, तेल आणि ब्रेकची भुकटी प्रक्रियेविना वाहून जाते. कल्याण-डोंबिवलीतून ती उल्हासला मिळते. ठाणे शहरातील बरेच नाले ठाणे खाडीत उतरतात. या खाडीचा खालचा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये रामसर यादीत आला. उपाय साधे आहेत : धुण्याची एकच जागा ठरवणे, तिला हलका उतार देणे, जाळीखाली गाळ बसण्याचा आणि तेल अडवण्याचा छोटा चेंबर बांधणे आणि तो वेळोवेळी उपसणे. उतार नसलेल्या फरशीवर पाणी साचते, दुचाकीवाले घसरतात आणि डासही होतात.

निर्बंध : बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने मार्च 2024 च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यास मनाई करून पाच हजार रुपये दंड ठेवला. ठाणे-कल्याणकडील सोसायट्यांत सभेचे ठराव याच धर्तीवर होतात : नळीला बंदी, बादलीला परवानगी, कपातीच्या दिवशी फक्त ओले फडके. पाणी आणि रंग या दोन्हींच्या हिशेबाने हे ठराव योग्य आहेत. आठवड्यातून एकदा दोन बादल्यांचे धुणे रोजच्या गाडीला पुरते. पावसाळ्यात चाकांच्या कमानीत चिखल बसलेली गाडी मात्र स्टिल्टमध्ये न धुता रॅम्प आणि तेल अडवणारा चेंबर असलेल्या सर्व्हिस सेंटरला न्यावी.