सेरेंडिपिटी : एका शब्दाची कुळकथा

बहुतेक शब्दांचा जन्म कधीं झाला हें कोणास सांगतां येत नाहीं. 'सेरेंडिपिटी' या इंग्रजी शब्दाची मात्र जन्मतिथिहि ठाऊक आहे. २८ जानेवारी १७५४ रोजीं होरेस वॉल्पोल या इंग्रज ग्रंथकारानें फ्लॉरेन्स येथील आपला मित्र होरेस मान यास लिहिलेल्या पत्रांत तो योजिला. जी वस्तु आपण शोधीत नव्हतों ती योगायोगानें आणि चातुर्यानें हातीं लागणें, हा त्याचा अर्थ.

शब्दाचें मूळ मात्र आपल्या शेजारचें आहे. सिंहलद्वीपास अरब लोक 'सरंदीब' म्हणत. तेथील तीन राजपुत्रांची कथा १५५७ मध्यें व्हेनिस येथें इटालियन भाषेंत छापली गेली. वाटेच्या एकाच बाजूचें गवत खाल्लेलें पाहून, येथून गेलेला उंट एका डोळ्यानें आंधळा असावा, असें त्या राजपुत्रांनीं ताडिलें. वॉल्पोलच्या आठवणींत उंटाचें खेंचर झालें. पण कथेचें मर्म त्यानें अचूक हेरलें.

आपण म्हणतों, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली. संस्कृतांत काकतालीय न्याय आहे, घुणाक्षर न्यायहि आहे. किडा लाकूड कोरतो आणि अवचित अक्षर उमटतें. पण त्या किड्याला तें वाचतां येत नाहीं! वॉल्पोलच्या शब्दांत अक्षर उमटणें आणि तें वाचतां येणें, या दोन्ही गोष्टी आहेत.

१९२८ सालीं लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या जंतूंच्या बशींत बुरशी वाढली. बशी बिघडली म्हणून ती टाकून देणें सोपें होतें. परंतु बुरशीभोंवतालचे जंतु नाहींसे झाले आहेत, हें त्यांनीं पाहिलें आणि त्याचें कारण शोधिलें. त्यांतून पेनिसिलिन हातीं आलें.

पाऊणशेंहून अधिक वर्षें तें पत्र अप्रकाशित होतें, आणि छापल्यावरहि शब्द फारसा रुळला नाहीं. विसाव्या शतकांत हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांच्यासारख्या संशोधकांनीं त्याला प्रतिष्ठा दिली. आज तो सर्वतोमुखीं आहे. पण पुष्कळदां नुसत्या सुदैवाच्या अर्थानें. त्यांतलें चातुर्य गळून पडलें आहे. ही हानि लहान नव्हे. कारण सुदैवाची केवळ वाट पाहावी लागते, पाहण्याची दृष्टि मात्र अभ्यासानें कमावतां येते. दैव देतें आणि कर्म नेतें, अशी आपली म्हण आहे. दैवानें दिलेलें ओळखून कर्मानें राखणें, हेंच त्या राजपुत्रांचें शहाणपण होतें.