दोन रकान्यांतली इंग्रजी : बाळशास्त्रींपासून काण्यांपर्यंत

१/ प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह म्हटला की आज डोळ्यांसमोर येते ती पाठ करायच्या शब्दांची यादी. अशा याद्या नव्हत्या, विस्तृत इंग्रजी-मराठी कोशही हाताशी नव्हता, तेव्हा कोकणातल्या मुलांनी ही भाषा कशी कमावली? हा थ्रेड त्याविषयी.

२/ पहिले उदाहरण बाळशास्त्री जांभेकरांचे. जन्म १८१२, गाव पोंभुर्ले. हे गाव दीर्घकाळ रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे गेले. इंग्रजीचे शिक्षण बाळशास्त्रींना मुंबईत मिळाले. विशी ओलांडताच, १८३४ मध्ये, ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापक झाले.

३/ त्यांच्यापाशी साधने कोणती होती? मोल्सवर्थचा प्रसिद्ध कोश १८३१ मध्ये निघाला, पण तो मराठी-इंग्रजी. मराठी शब्द पुढे आला असता साहेबाला त्याचा अर्थ कळावा, ही त्याची दिशा. इंग्रजी शब्दापाशी अडलेल्या मराठी विद्यार्थ्याची वाट नेमकी उलटी होती.

४/ ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्रींनी ‘दर्पण’ सुरू केले. पानावर दोन रकाने : एकात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी. आरंभी पाक्षिक, काही महिन्यांतच साप्ताहिक. १८४० पर्यंत ते चालले. पाश्चात्त्य विद्यांची ओळख आणि लोकहिताची चर्चा, हा त्याचा उद्देश.

५/ या मांडणीकडे विद्यार्थ्याच्या नजरेने पाहा. इंग्रजी वाक्याचा अर्थ साधारण कळणे वाचकाला पुरते. शेजारी मराठी वाक्य लिहिणाऱ्याला पुरत नाही. आज आपण ‘पब्लिक ओपिनियन’ला सहज ‘लोकमत’ म्हणतो. पण असा रुळलेला शब्द नसेल, तर आधी ठरवावे लागते : पब्लिक म्हणजे प्रजा, रयत की लोक? ओपिनियन म्हणजे मत, समजूत की अभिप्राय? इथे दोन्ही भाषांची परीक्षा एकदम होते.

६/ बाळशास्त्री १८४६ मध्ये वारले. मोल्सवर्थने आरंभलेला आणि प्रकृतीमुळे मायदेशी परतावे लागल्याने अपुरा राहिलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडीने पूर्ण केला, तो १८४७ मध्ये छापला गेला. म्हणजे ‘दर्पण’ची सगळी वर्षे या कोशाच्या आधीची. वाचकासाठी तोवर ते दोन रकाने हाच एक चालता कोश होता.

७/ या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. ही संधी मूठभरांना, बहुतांशी उच्चवर्णीय पुरुषांना मिळाली. मुलींपर्यंत आणि इतर जातींपर्यंत ती पोहोचायला फार मोठा झगडा करावा लागला. छापील कोशाचे मोल म्हणूनच मोठे : गुरूपाशी असलेली शब्दांची किल्ली त्याने निदान पुस्तकात आणली.

८/ दुसरे उदाहरण पां. वा. काणे यांचे. जन्म १८८०, शालेय शिक्षण रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीत. ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ पाच खंडांचा. पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

९/ त्या ग्रंथाचे नाव पुन्हा वाचा. ‘हिस्टरी’ इंग्रजी, ‘धर्मशास्त्र’ मात्र जसेच्या तसे. धर्म म्हणजे ‘रिलिजन’? ‘लॉ’? ‘ड्यूटी’? प्रत्येकात काहीतरी उरतेच. इंग्रजीवर हुकमत असलेला माणूसच ठरवू शकतो, की इथे इंग्रजी शब्द अपुरा पडतो. कुठला शब्द भाषांतरित करायचा नाही हे कळणे, ही शब्दसंग्रहाची वरची पायरी.

१०/ प्रत्यक्ष रत्नागिरी शहरात प्रवाह उलटाही वाहिला. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. ‘मेयर’साठी ‘महापौर’ हा त्यांचाच शब्द. ही चळवळ पटो वा न पटो, प्रतिशब्द घडवायला मूळ इंग्रजी शब्दाची नस सापडावी लागते, हे खरे.

११/ मराठी माध्यमातल्या मुलांना आज वारंवार ऐकवले जाते की मराठीमुळे तुमचे इंग्रजी मागे पडते. ‘दर्पण’चे पान याच्या उलट साक्ष देते. तिथे मराठी इंग्रजीच्या वाटेत आडवी आलेली नाही. इंग्रजी शब्दाचे वजन करणारा तराजूच ती झाली आहे.

१२/ तेव्हा पुढचा अवघड इंग्रजी शब्द भेटला की अर्थ घोकण्याआधी वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ ओढा. डावीकडे त्या शब्दाचे इंग्रजी वाक्य, उजवीकडे तुमचे मराठी. उजवा रकाना जिथे अडेल, तिथून खरा अभ्यास सुरू होतो.