लुटुपुटूचं कोर्ट आणि बेणारेबाई



चारचौघांत थट्टा चाललेली असते आणि एखादीला असं काही बोललं जातं की ती एकदम गप्प होते. वर म्हणतात, "अगं, गंमत केली!" अशाच एका गमतीवर मराठीत मोठं नाटक आहे. आज आम्ही त्याची गोष्ट सांगतो.

मुंबईच्या उपनगरात, अंधेरीच्या अलीकडे विलेपार्ले आहे. तिथे अभिरूप न्यायालय, म्हणजे लुटुपुटूचं कोर्ट, सादर करायला निघालेली हौशी मंडळी लेखक विजय तेंडुलकरांना भेटली. त्यांच्या गप्पा ऐकता ऐकता त्यांना नाटक सुचलं, 'शांतता! कोर्ट चालू आहे'. १९६७ साली 'रंगायन' संस्थेनं ते मुंबईत रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक होते अरविंद देशपांडे. लीला बेणारेचं काम केलं सुलभा देशपांडे यांनी.

नाटक घडतं एका खेड्यातल्या सभागृहात. शहरातली मंडळी कार्यक्रमाला आलेली असतात. अजून वेळ आहे, तेव्हा तालीम म्हणून खोटा खटला चालवायचं ठरतं. आरोपी करतात हसऱ्या, बोलक्या, अविवाहित शिक्षिकेला, बेणारेबाईंना. आरोप भ्रूणहत्येचा. सगळं खोटं खोटं! पण बघता बघता तिचं खरं आयुष्य चव्हाट्यावर येतं. तिला दिवस गेलेले असतात. मुलाचे वडील प्रोफेसर दामले, घरसंसार असलेले. ते त्या दिवशी आलेलेच नसतात. पिंजऱ्यात उभी राहते ती एकटी.

आता आरोप करणारे बघा. एकाची वकिली चाललेली नाही, एक परीक्षेत नापास, एका बाईंना मूलबाळ नाही. विहिरीचं पाणी वरून नितळ दिसतं, घागर तळाला टेकली की गाळ वर येतो. तसं आहे हे. आपल्या मनाच्या तळाशीही न सांगितलेलं दुःख, राग, कमीपणा साचतो. त्याला अंतर्मन म्हणतात. खेळाचं निमित्त मिळालं की तो गाळ दुसऱ्याच्या अंगावर उडतो, आणि उडवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

बेणारेही बोलते. शेवटी तिचं लांबलचक स्वगत आहे. पण त्या वेळी बाकीचे जागच्या जागी थिजलेले असतात. म्हणजे तिच्या आतलं सगळं आपण प्रेक्षक ऐकतो, कोर्ट ऐकतच नाही. मग निकाल लागतो, तिच्या पोटातलं मूल नष्ट करावं. ज्या हत्येचा आरोप तिच्यावर ठेवला, तीच आता शिक्षा!

गर्भपाताला काही अटींवर परवानगी देणारा कायदा आपल्याकडे १९७१ साली झाला. त्याच्या चार वर्षं आधी या नाटकानं बाईच्या पोटाचा आणि मनाचा प्रश्न रंगमंचावर मांडला होता. १९७१ सालीच सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. पुढे अनेक भारतीय भाषांत नाटक गेलं.

मैत्रिणींनो, आपल्या गटातही कुणाच्या नवऱ्यावरून, मूल नसण्यावरून, एकटं राहण्यावरून थट्टा होते. पुढच्या बैठकीत अशी कुणी गप्प झाली, तर हसणं थांबवूया. तिच्याजवळ बसूया. आणि तिला बोलावंसं वाटलं, तर शेवटपर्यंत ऐकूया.