वृद्धनिवासात राहावयास जाण्यापूर्वी

आपल्या धर्मग्रामांत एके काळी 'वृद्धाश्रम' हा शब्द उच्चारणेही कमीपणाचे मानले जाई. आईवडिलांना तेथे ठेवणे म्हणजे चौथ्या आज्ञेचा भंग, अशीच सर्वसाधारण समजूत होती. आज परिस्थिती पालटली आहे. मुले आखाती देशांत, कॅनडात वा ऑस्ट्रेलियात आहेत आणि वाडीतल्या प्रशस्त घरात दोघेच वृद्ध, कधी एकटी आईच राहते. अशा वेळी वृद्धनिवासाचा विचार मनात येणे हे पाप नव्हे. मात्र हा निर्णय जाहिरातीतील बागबगीचा पाहून घेण्याचा नाही. आम्ही येथे एकच कसोटी वाचकांपुढे ठेवू इच्छितो : जागा निवडतो तो आजचा चालता-फिरता माणूस, तेथे राहावे लागते ते उद्याच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाला. म्हणून जागेची पारख त्या उद्याच्या दिवसावरून करावी.

निवासांचे तीन प्रकार

पहिला प्रकार धर्मभगिनींनी वा सेवाभावी संस्थांनी चालविलेल्या आश्रमांचा. हे मुख्यत्वे निराधार व गरजू वृद्धांसाठी असतात. मुंबईत अंधेरी येथे 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या संघाचे कार्य आहे. ज्यांची ऐपत आहे त्यांनी अशा ठिकाणची जागा अडवू नये, हेच न्यायाला धरून आहे.

दुसरा प्रकार अनामत रक्कम व मासिक शुल्क घेणाऱ्या निवासांचा. येथे खोली आपल्या मालकीची नसते, केवळ राहण्याचा हक्क मिळतो. तिसरा प्रकार बांधकाम व्यावसायिकांनी उभारलेल्या ज्येष्ठांच्या वसाहतींचा. येथे सदनिका विकत किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने घ्यावी लागते. भोजन, स्वच्छता व वैद्यकीय सेवांचा खर्च दरमहा वेगळा असतो. आपण नेमके काय घेत आहोत, मालकी की केवळ निवासाचा हक्क, हा पहिला प्रश्न.

पाहणी कशी करावी

व्यवस्थापकाने ठरवून दिलेल्या वेळी सर्वच ठिकाणे सुंदर दिसतात. म्हणून एकदा पूर्वसूचना न देता दुपारच्या जेवणाच्या वेळी जावे, एकदा दिवेलागणीनंतर जावे आणि शक्य असल्यास भर पावसाळ्यात जावे. रस्त्यावर पाणी साचले असता रुग्णवाहिका तेथे पोहोचते काय, हे जुलै महिन्यातच कळते. व्यवस्थापक समोर नसताना तेथील रहिवाशांना विचारावे : "तुमच्यापैकी शेवटी कोण आजारी पडले आणि तेव्हा काय झाले?" या एका प्रश्नाच्या उत्तरातून माहितीपत्रकापेक्षा अधिक कळते.

न्हाणीघरात आधाराचे कठडे व न घसरणारी फरशी आहे काय, पलंगाशेजारी व न्हाणीघरात धोक्याची घंटा आहे काय आणि ती वाजविल्यास प्रत्यक्ष कोण येते, हे पाहावे. रात्री किती कर्मचारी जागे असतात? वीज गेल्यास उद्वाहन चालते काय? मधुमेहाचे पथ्य कोण सांभाळते? जवळच्या रुग्णालयात पोहोचण्यास किती वेळ लागतो? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्मृतिभ्रंश झाला किंवा रहिवासी कायमचा अंथरुणास खिळला, तर संस्था त्याला ठेवून घेते की नातेवाइकांना बोलावून परत पाठविते? पुष्कळ ठिकाणी हा नियम करारात असतो, पण तो सांगितला जात नाही. त्याचे उत्तर लेखीच घ्यावे.

करार व पैसा

मासिक शुल्क आज परवडते, एवढ्यावर समाधान मानू नये. समजा, आज दरमहा २५,००० रुपये लागतात आणि शुल्क दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते. तर नऊ वर्षांत ते सुमारे ५०,००० रुपये होईल. निवृत्तिवेतन वा ठेवींवरील व्याज त्या गतीने वाढत नाही. अनामतीपैकी किती रक्कम व किती दिवसांत परत मिळते, पतिपत्नींपैकी एकाचे निधन झाल्यास शुल्क किती कमी होते, महिनाभर रुग्णालयात राहिल्यास सवलत मिळते काय आणि सदनिका वारसांकडे गेल्यास ती कोणाला विकता येते, हे मुद्दे वकिलाकडून वाचून घ्यावेत.

महाराष्ट्रात नवीन प्रकल्प असल्यास त्याचा महारेरा नोंदणी क्रमांक पाहावा. विक्रीकराराची नोंदणी होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांकरिता महारेराने २०२४ साली आदर्श मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. चाकाची खुर्ची जाईल एवढे, म्हणजे किमान ९०० मिलिमीटर रुंद दरवाजे, उद्वाहनाची सोय, आधाराचे कठडे अशा बाबींचा त्यांत समावेश आहे. पाहणीला जाताना मोजपट्टी सोबत ठेवण्यास संकोच वाटू देऊ नये.

धर्मजीवन, भाषा आणि ताट

आपल्या भाविकांनी काही प्रश्न आवर्जून विचारले पाहिजेत. रविवारच्या मिस्साला नेण्यासाठी वाहन आहे काय? जे जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी जवळच्या धर्मग्रामातून कम्युनियन आणण्यास मुभा आहे काय? मध्यरात्री रुग्णाच्या तैलाभ्यंगासाठी धर्मगुरूंना आत सोडले जाईल काय? तेथे जाण्यापूर्वी त्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना भेटून आपली ओळख करून द्यावी. अंत्यविधी व दफन कोठे व्हावे, आपल्या गावच्या दफनभूमीत की तेथे, हेही लिहून ठेवावे व त्याची एक प्रत आपल्या धर्मगुरूंकडे द्यावी. म्हणजे ऐन वेळी मुलांची धावपळ होत नाही.

काही निवासांत भोजनगृह पूर्णतः शाकाहारी असते. आयुष्यभर मासळी खाल्लेल्या माणसाला हा बदल लहान वाटत नाही. भाषेचेही तसेच आहे. वार्धक्यात स्मृती मंदावली की मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी विसरते आणि घरची बोली तेवढी उरते. कादोडी वा वाडवळी बोलणाऱ्या आजीला तिचे दुखणे समजून घेणारे तेथे कोणी असेल काय?

परतीची वाट मोकळी ठेवा

आमचा सर्वांत कळकळीचा सल्ला हा आहे : गावचे घर आधी विकू नका आणि मुलांच्या नावे बक्षीसपत्र करून मोकळे होऊ नका. प्रथम एक-दोन महिने पाहुणा म्हणून राहून पाहा. बहुतेक चांगल्या संस्था तशी सोय करतात. न मानवल्यास परत येण्यासाठी स्वतःचे दार असले पाहिजे. मालमत्तेची वाटणी मृत्युपत्राने करता येते आणि मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते.

बक्षीसपत्र करणे भागच असेल, तर 'मुलांनी आमचा सांभाळ करावा' ही अट त्यात स्पष्ट शब्दांत घालावी. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ अन्वये ती अट मोडल्यास हस्तांतरण रद्द करून घेण्यासाठी निर्वाह न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तक्रारीसाठी वा मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

निर्णय कोणाचा?

मुलांनी माहिती जमवावी, सोबत जावे, खर्च उचलावा. परंतु होकार आईवडिलांचा असावा. परदेशातून आठ दिवसांच्या रजेवर येऊन सामान बांधून देणे म्हणजे निर्णय घेणे नव्हे. त्याचप्रमाणे वृद्धांनीही "मुले रागावतील" किंवा "लोक काय म्हणतील" या भीतीने होय अथवा नाही म्हणू नये. निवासात गेल्याने चौथी आज्ञा संपत नाही. दर आठवड्याचा दूरध्वनी, सणाला घरी आणणे, आजारात उशाशी बसणे, यांतून ती पाळली जाते.

संत जान ज्यूगाँ यांनी १८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्समधील सें-सेर्व्हां गावी एका अंध व अर्धांगवायू झालेल्या वृद्धेला आपल्या घरी आणले आणि स्वतःचा बिछाना तिला दिला. वर उल्लेखिलेल्या 'लिटल सिस्टर्स' संघाची सुरुवात तेथून झाली. म्हणजे त्या घरात पहिली जागा मिळाली ती जिला उठताही येत नव्हते तिला. आपण पाहावयास जाऊ त्या प्रत्येक निवासाला हाच प्रश्न विचारावा : जो उठू शकत नाही त्याच्यासाठी येथे जागा आहे काय? उत्तर निःसंदिग्ध होकारार्थी असेल, तरच पुढील बोलणी करावीत.