संख्येचे अवयव आणि संख्येची लिपी

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, अलिबागनजीक नागाव येथे जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ प्रसिद्ध केली. त्यांचे गणित ज्योतिषाच्या सेवेत होते. त्याच कोकणपट्टीच्या उत्तरेस, डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे गणित मात्र कोणाच्याच सेवेत नव्हते.

कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत देवळाली येथे शाळाशिक्षक होते. त्यांनी शोधलेल्या संख्यामालांची नावे भाषाभ्यासकास विशेष रुचावीत अशी आहेत. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी ती ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी. जिला कोणी जनक नाही ती ‘स्वयंभू’. आणि डोंबिवली परिसरातील रेल्वे स्थानकाच्या नावावरून ‘डेम्लो’! संस्कृत समास आणि आगगाडीचे स्थानक एकाच परिभाषेत सुखाने नांदावे, हे खास मराठीच म्हटले पाहिजे.

परंतु विद्वानांनी या कार्यास दीर्घकाळ करमणूक मानले, आणि त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. १७२९ ही संख्या घ्या. तिच्या अंकांची बेरीज १९; १९ ने ती निःशेष भागते; म्हणून ती हर्षद. तिचे मूळ अवयव ७, १३ व १९. आता तीच संख्या द्वादशमान पद्धतीत लिहिली तर ती १००१ अशी दिसते. अंकांची बेरीज २, आणि संख्या तर विषम! हर्षदत्व गेले; अवयव जागच्या जागी राहिले. अवयव हा संख्येचा अर्थ होय, अंक ही केवळ तिची लिपी. लिपीवर उभारलेले शास्त्र उथळ, असा हा युक्तिवाद आहे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहीपर्यंत कापरेकरांना व्यापक कीर्ती लाभली नाही, याचे एक कारण येथे असावे.

प्रस्तुत लेखकास हा युक्तिवाद अपुरा वाटतो. लिपी कधीकधी अर्थाची साक्ष देते. ज्यांच्या वर्गांतून १२१, १२३२१ अशा डेम्लो संख्या निघतात त्या ११, १११ या एककमालेकडे पाहावे. सहा एककांची संख्या दोन-दोनांच्या तीन गटांत किंवा तीन-तीनांच्या दोन गटांत मांडता येते. म्हणून ११ व १११ हे तिचे विभाजक होत, हे भागाकारावाचून डोळ्यांनाच कळते. १११११११ ला, म्हणजे सात एककांना, असे गट पडत नाहीत. तरी ती मूळ संख्या नाही, कारण २३९ ने ती भागली जाते. एककांची संख्या मूळ असणे आवश्यक, पण पुरेसे नव्हे. २, १९, २३ व ३१७ एककांनंतर १०३१ एककांची संख्या मूळ असल्याची सिद्धता विल्यम्स व डब्नर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केली.

पुढे तर लिपी व अवयव यांना जोडणारी मालाच निघाली. १९८२ साली आल्बर्ट विलान्स्की यांनी मेहुण्याच्या दूरध्वनी क्रमांकाचे, ४९३७७७५ चे, मूळ अवयव पाडले: ३, ५, ५, ६५८३७. संख्येच्या अंकांची बेरीज ४२ आणि अवयवांच्या अंकांचीही ४२. मेहुण्याच्या आडनावावरून या संख्यांना ‘स्मिथ’ हे नाव पडले. २२ व २७ याही त्याच कुळातील; पैकी २७ ही हर्षदही आहे.